मोठा चित्रपट रद्द झाला तेव्हा: बर्गमनचा 'पर्सोना', १९६५

पार्श्वभूमी

१९६५ साल उजाडलं तेव्हा स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या डोक्यावर दोन नोकऱ्यांचं ओझं होतं. १९६३ पासून तो स्टॉकहोमच्या 'ड्रामाटेन'चा, म्हणजे स्वीडनच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचा, प्रमुख होता. नाटकांची निवड, नटांचे करार, अंदाजपत्रक, मंत्रालयाशी पत्रव्यवहार, सगळं त्याच्याच टेबलावर यायचं आणि शिवाय स्वतःची नाटकं बसवायची होतीच. दुसरीकडे 'स्वेन्स्क फिल्मइंडस्ट्री' या निर्मितिसंस्थेसाठी जवळजवळ दर उन्हाळ्यात एक चित्रपट करायचा, हा त्याचा जुना शिरस्ता. स्वीडनमध्ये हे गणित बसतं, कारण हिवाळ्यात रंगभूमी चालते आणि उन्हाळ्यात ती बंद असते. नट मोकळे, उजेड भरपूर.

नाव जगभर झालेलं होतं. 'द सेव्हन्थ सील' आणि 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' हे दोन्ही १९५७ चे. त्यानंतर लागोपाठ दोन वर्षं परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर त्याच्या चित्रपटांना मिळालं. पण १९६४ मध्ये त्याने पहिला रंगीत चित्रपट केला, एक विनोदी प्रकरण, आणि तो सपशेल पडला. समीक्षकांनी झोडपलं आणि प्रेक्षकही फिरकले नाहीत. म्हणून पुढचा चित्रपट दणदणीत व्हावा, असं त्याला आणि संस्थेलाही वाटत होतं.

तो पुढचा चित्रपट म्हणजे 'नरभक्षक'. मोठ्या लांबीचा, मोठ्या खर्चाचा. चित्रण १९६५ च्या उन्हाळ्यात स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या हालान्ड्स वेडेरो या बेटावर व्हायचं होतं. त्यात बिबी अँडरसन होती आणि लिव्ह उलमन या नॉर्वेच्या तरुण नटीलाही भूमिका द्यायचं ठरलं होतं. बिबी बर्गमनच्या जुन्या कंपूतली, अनेक चित्रपटांतून त्याच्या हाताखाली तयार झालेली. लिव्ह सव्वीस वर्षांची होती आणि त्याच्यासाठी अगदी नवी.

अडचण

वर्षाच्या सुरुवातीलाच बर्गमन आजारी पडला. न्यूमोनिया झाला आणि वर पेनिसिलिनची विषबाधा. ताप उतरला तरी तोल जाणं थांबेना. एप्रिलमध्ये तो स्टॉकहोमच्या सोफियाहेम्मेत रुग्णालयात दाखल झाला आणि तिथे बरेच दिवस पडून राहिला.

मोठ्या चित्रपटाचं वेळापत्रक हे उलटं मोजत आणायचं असतं. जुलैत चित्रण म्हणजे मे-जूनमध्ये नेपथ्याची बांधकामं, त्याआधी जागा पक्क्या, त्याआधी नटांच्या तारखा, त्याआधी लिहून झालेली संहिता. बेटावर चित्रण असेल तर राहणं, बोटी, जनरेटर, लॅबपर्यंत रोजची रिळं पोचवणं हे आणखी वेगळं. आणि ज्या माणसाच्या होकारावाचून यातलं पानही हलत नाही, तो खाटेवर. 'नरभक्षक' रद्द करावा लागला.

चित्रपट रद्द झाल्याने पैशांचं नुकसान होतंच, पण खरा पेच निराळा होता. उन्हाळ्यासाठी दोन नट्या, छायालेखक स्वेन निकविस्ट आणि सगळी टोळी राखून ठेवलेली होती. उन्हाळा वाया गेला की पुढची संधी थेट वर्षभराने, कारण शरद ऋतूत सगळे परत रंगभूमीवर. आणि लेखक-दिग्दर्शकाच्या मनात या काळात भलताच प्रश्न घोळत होता: हे सगळं कशासाठी करायचं? त्याच वर्षी त्याला चार्ली चॅप्लिनबरोबर इरॅस्मस पुरस्कार विभागून जाहीर झाला. त्या निमित्ताने लिहिलेल्या 'सापाची कात' या निबंधात त्याने कलेला मुंग्यांनी भरलेल्या कातेची उपमा दिली आहे: साप केव्हाच मेलेला, आतलं विषही संपलेलं, तरी मुंग्यांच्या वळवळीने कात हलते आहे. पुरस्कार स्वीकारणाऱ्याने असं लिहावं, यावरून त्याची अवस्था कळते.

समोरच्या वाटा

पहिली वाट सरळ होती: विश्रांती घ्यायची आणि 'नरभक्षक' पुढच्या उन्हाळ्यात करायचा. डॉक्टरी दृष्टीने हेच योग्य. पण नाट्यगृहाचं काम वाट पाहत होतंच. बरा झालेला माणूस थेट कचेरीत जाऊन बसला असता आणि पुढच्या वर्षी तोच थकवा पुन्हा आला असता.

दुसरी वाट, 'नरभक्षक' कापून छोटा करायचा. हा मोह निर्मात्यांना नेहमी होतो आणि बहुतेक वेळा फसतो. मोठ्या आकारासाठी रचलेल्या संहितेतून पात्रं आणि प्रसंग काढले की उरतं ते गाळलेल्या जागांचं जाळं. पटकथेचा आकार तिच्या पहिल्या कल्पनेतच ठरलेला असतो.

तिसरी वाट त्याने रुग्णालयातच धरली. हात लिहिता राहावा, एवढ्याच बेताने त्याने काहीतरी छोटं लिहायला घेतलं. यातला हिशोब पाहण्यासारखा आहे. आधी गोष्ट सुचली आणि मग तिला लागणारी माणसं गोळा केली, असं घडलेलं नाही. काय हाताशी आहे ते आधी ठरलेलं होतं: दोन नट्या, एक कॅमेरामन, एक उन्हाळा, आणि फार हिंडू-फिरू न शकणारा दिग्दर्शक. गोष्ट या चौकटीत बसवायची होती.

बीज मात्र आधीच पडलेलं होतं. बिबी आणि लिव्ह या मैत्रिणी. त्या दोघी एकत्र असताना बर्गमनला त्यांच्या चेहऱ्यांतलं साम्य जाणवलं होतं. पुढे एका डॉक्टर मित्राच्या घरी त्याने दोघींची भिंतीला टेकून ऊन खात बसलेली पारदर्शिका (स्लाइड) पाहिली, आणि कोण कुठे संपते आणि कोण कुठे सुरू होते, हा खेळ त्याच्या डोक्यात बसला.

संस्थेचा प्रमुख केन्ने फान्त याला त्याने कल्पना सांगितली ती अशी: एक बाई बोलते, दुसरी बोलत नाही, दोघी हात ताडून पाहतात आणि एकमेकींत मिसळून जातात. वर हेही सांगितलं की चित्रपट छोटा आहे, स्वस्तात होईल. फान्तने होकार दिला. निर्मात्याला कल्पना विकताना तिच्यातलं गूढ उलगडत बसू नये, माणसं किती आणि जागा किती ते सांगावं, याचा हा नमुना म्हणून दाखवता येईल. अर्थात समोरच्या माणसाचं नाव बर्गमन होतं, हेही विसरून चालणार नाही. नवख्याला या दोन वाक्यांवर चहासुद्धा मिळाला नसता.

फान्तच्या बाजूनेही थोडं पाहायला हवं. १९६३ मध्ये स्वीडिश फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली होती. तिकिटावरचा करमणूक कर गेला, त्याजागी तिकिटाच्या १० टक्के रक्कम इन्स्टिट्यूटकडे जाऊ लागली आणि तिच्यातून दर्जेदार चित्रपटांना मदत मिळू लागली. कमी खर्चाचा, गल्ला न भरणारा पण बोलबाला होणारा चित्रपट करणं संस्थेला आता पूर्वीइतकं जिवावरचं नव्हतं.

लिहिताना घेतलेले निर्णय

पटकथा तयार झाली ती जूनमध्ये. सोबतच्या टिपणात बर्गमनने बजावून ठेवलं आहे की ही नेहमीच्या अर्थाने पटकथा नव्हे, ही सुरावट आहे, वाद्यमेळ चित्रणाच्या वेळी सहकाऱ्यांच्या मदतीने बसवला जाईल. वाचताना याची खात्री पटते. शॉट्सची विभागणी नाही, कॅमेऱ्याच्या जागा नाहीत. मधूनच लेखक स्वतःशी बोलावं तसं बोलतो.

या पद्धतीचा फायदा उघड आहे: लिहिताना सुचलेलं जिवंत राहतं. तोटा निर्मितीच्या बाजूला होतो. अशा संहितेवरून रोजचं वेळापत्रक काढता येत नाही, किती रीळ लागेल याचा अंदाज बांधता येत नाही, आणि नटाला घरी बसून तयारी करायची तर धरायला फार थोडं मिळतं. टोळी जुनी, एकमेकांची खोड ठाऊक असलेली, म्हणून निभावलं. अनोळखी माणसांबरोबर अशी संहिता घेऊन जाणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

गोष्टीचा सांगाडा साधा आहे. एलिझाबेत फोग्लर ही नटी 'इलेक्ट्रा'च्या प्रयोगात अचानक गप्प होते आणि नंतर बोलणंच सोडते. आजार काही नाही. रुग्णालयातली डॉक्टर तिला आल्मा नावाच्या नर्सबरोबर समुद्रकाठच्या आपल्या घरी पाठवते. तिथे आल्मा बोलत राहते, मन मोकळं करते. मग एक दिवस टपालात टाकायला दिलेलं एलिझाबेतचं न चिकटवलेलं पत्र ती वाचते आणि तिला कळतं की आपण या बाईच्या दृष्टीने गमतीचा, निरीक्षणाचा विषय आहोत. इथून पुढे दोघींची झटापट.

मुकी भूमिका लिव्हला आणि बडबडी बिबीला, ही विभागणी व्यवहाराच्या अंगानेही सोयीची होती. लिव्हची मातृभाषा नॉर्वेजियन, तर बिबी स्वीडिश रंगभूमीवर मुरलेली. सगळे संवाद एकीकडे आणि सगळं ऐकणं दुसरीकडे गेल्यावर उच्चारांचा प्रश्नच उरला नाही. एलिझाबेत चित्रपटभर मोजके शब्द बोलते. आल्मा उकळतं पाणी अंगावर टाकायला निघते तेव्हा भीतीने एलिझाबेतचा आवाज फुटतो, तो त्यातलाच.

चित्रपटाचं आधीचं नाव 'सिनेमॅटोग्राफी' होतं. फान्तला ते नाव चालण्यासारखं वाटेना, तेव्हा 'पर्सोना' आलं. पण जुन्या नावाची खूण चित्रपटात ठळक राहिली आहे. सुरुवातीची सहा-एक मिनिटं कथेशी संबंध नसलेली वाटतात: प्रोजेक्टरमधल्या कार्बनच्या दोन कांड्या जवळ येऊन ठिणगी पडते, रीळ धावू लागतं, उलटी फिरणारी कार्टून फिल्म, कोळी, मेंढीचा गळा, खिळा ठोकलेला तळहात, शवागारातले चेहरे, आणि चादरीखाली पडलेला एक मुलगा. आपल्याकडच्या जुन्या थिएटरांत ऑपरेटरला या कार्बनवर डोळा ठेवून बसावं लागे. कांड्या जळत जातात, मधलं अंतर वाढतं, आणि वेळेवर सरकवल्या नाहीत तर पडद्यावर अंधार. ते काम ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना हा प्रारंभ फारसा गूढ वाटणार नाही. यंत्र सुरू होतंय, एवढंच तो आधी सांगतो.

चित्रण: स्टॉकहोममध्ये गाडं अडलं

१९ जुलै १९६५ ला स्टॉकहोममध्ये चित्रण सुरू झालं आणि लगेच अडखळलं. लिव्ह दडपणाखाली होती, बिबीचा सूर लागत नव्हता, दिग्दर्शक अजून पुरता सावरलेला नव्हता. रोजची रिळं पाहून कुणाचंच समाधान होईना. चित्रपट इथेच थांबवावा, इथपर्यंत बर्गमनचं मन गेलं.

कारणं शोधायची तर दोन दिसतात. एक, रुग्णालयातली दृश्यं स्टुडिओत आणि आधी घेतली गेली. ही दृश्यं जवळजवळ रिकाम्या पार्श्वभूमीवरची आहेत: भिंत, पलंग, चेहरा. नटीला हातात धरायला काही नाही. दोन अनोळखी पात्रांच्या ओळखीचा आरंभ आधी घ्यावा, हे क्रमाने बरोबर असलं तरी नटांचा जम बसायच्या आत सगळ्यात नाजूक दृश्यं गाठावी लागली. दुसरं, संहितेतच वाद्यमेळ बाकी ठेवलेला होता. तो बसवायला लागणारा निवांतपणा स्टुडिओच्या घड्याळात नव्हता.

फोरो

मग सगळे फोरोला गेले. गोटलंड बेटाच्या उत्तर टोकापलीकडचं हे छोटं बेट बर्गमनला १९६० मध्ये सापडलं होतं, तेही काटकसरीतून. एका चित्रपटासाठी त्याला स्कॉटलंडच्या उत्तरेची ऑर्कनी बेटं हवी होती, संस्थेला खर्च परवडेना, म्हणून फोरो पाहून यायला सांगितलं गेलं. तिथले दगडगोट्यांचे किनारे, चुनखडीचे उंच सुळके आणि खुरटी झाडं पाहून त्याचं मन तिथेच जडलं.

'पर्सोना'चं गाडं रुळावर आलं ते इथे. स्टॉकहोममध्ये घेतलेला बराच भाग पुन्हा घेतला गेला. या चित्रपटात पुनर्चित्रण बर्गमनच्या नेहमीच्या सवयीपेक्षा पुष्कळ जास्त झालं. ते परवडलं याचं कारण सरळ आहे: टोळी लहान, पात्रं दोन, नेपथ्य म्हणजे एक घर आणि एक किनारा. मोठ्या चित्रपटात एक दिवस पुन्हा घ्यायचा तर पन्नास माणसांचा दिवस जातो. छोट्या आकाराने दिलेली ही खरी सवलत होती, आणि कागदावरच्या अंदाजपत्रकात ती कुठेही दिसत नाही.

निकविस्टच्या कामातली एक जागा अभ्यासायला घ्यावी. रुग्णालयात एलिझाबेत पलंगावर पडून रेडिओवर बाखचा व्हायोलिन कॉन्सर्टो ऐकते आहे. चेहरा जवळून, कॅमेरा स्थिर, आणि प्रकाश हळूहळू उतरत जातो. डोळे उघडेच. शेवटी चेहऱ्याची जेमतेम रेषा उरते. संकलनात काप नाही, नटीची हालचाल नाही. बदलतो तो फक्त उजेड. हे साधायला दिव्याची उतरण अगदी सारखी हवी. एखादा टप्पा जरी ठळक दिसला तरी प्रेक्षकाला 'दिवा कमी केला' हे कळतं आणि सगळं हातचं जातं. फिल्मची जातही ध्यानात ठेवावी लागते, कारण काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हवर सावलीतला तपशील एका मर्यादेनंतर एकदम नाहीसा होतो. ती मर्यादा नेमकी कुठे गाठायची हे आधी ठरवून मगच दिवे लावावे लागतात.

एक निर्णय मात्र नटीचा. आल्मा समुद्रकाठावरच्या एका जुन्या प्रसंगाची कबुली देते, ते लांब स्वगत. उघड लैंगिक तपशिलामुळे ते काढून टाकण्याचा विचार पुढे आला होता. बिबीने ते ठेवण्याचा आग्रह धरला, पण काही वाक्यं बाईच्या तोंडी शोभत नाहीत, पुरुषाने लिहिलेली कळतात, म्हणून ती स्वतः बदलून घेतली. पडद्यावर त्या प्रसंगातलं काहीच दाखवलेलं नाही. एक बाई बोलते, दुसरी ऐकते. तरी प्रेक्षकाला आपण तो किनारा पाहिल्याची आठवण राहते. दिग्दर्शकाने आपलं लिहिलेलं नटीला दुरुस्त करू दिलं, हा या प्रकरणातला कमी बोलला जाणारा आणि फार मोलाचा टप्पा आहे.

दोन चेहऱ्यांचा एक चेहरा

चित्रपटातला सर्वांत प्रसिद्ध क्षण म्हणजे दोन अर्धे चेहरे जोडून झालेला एक चेहरा. कल्पना सोपी, काम चोख हवं. दोघींना एकाच बाजूने प्रकाश देऊन भागत नाही: एकीची डावी बाजू उजळ तर दुसरीची उजवी. उरलेली अर्धी बाजू पूर्ण काळी ठेवायची, कारण निगेटिव्हवर काळ्या भागात काही उमटत नाही आणि लॅबमध्ये दोन्ही प्रतिमा एकावर एक घेतल्या की तिथे दुसरीचा चेहरा भरतो. कॅमेऱ्याचं अंतर, भिंग, डोळ्यांची उंची, हनुवटीचा कल, सगळं जुळायला हवं. डोळ्यांची रेषा किंचित जरी वर-खाली झाली तर दोन चेहरे चिकटवल्यासारखे दिसतात. नाकाचा कणा आणि ओठांचा मध्य हे कसोटीचे बिंदू.

प्रत्येकीची निवडलेली बाजू ही तिची कमी देखणी बाजू होती. चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात हे कॅमेरामनला पक्कं माहीत असतं. एरवी तो चांगली बाजू शोधतो, इथे उलटं केलं.

नट्यांना यातलं काही सांगितलं नव्हतं. संकलनाच्या टेबलावर त्यांना तुकडा दाखवला तेव्हा लिव्हला वाटलं ही बिबीच आहे आणि किती भयंकर दिसतेय, तर बिबीला वाटलं ही लिव्ह. स्वतःचा अर्धा चेहरा समोर असून दोघींपैकी एकीनेही स्वतःला ओळखलं नाही. साम्याचा हा प्रयोग जमला की नाही, याची याहून चांगली परीक्षा कुणाला घेता आली नसती.

संकलनाच्या टेबलावर

या संयुक्त चेहऱ्याच्या आधी एक स्वगत येतं. एलिझाबेतला नको असलेल्या मुलाबद्दल आल्मा तिला सुनावते. तेच स्वगत चित्रपटात दोनदा, पूर्णच्या पूर्ण आहे. पहिल्या वेळी कॅमेरा ऐकणाऱ्या एलिझाबेतवर, दुसऱ्या वेळी बोलणाऱ्या आल्मावर. मुळात बेत नेहमीचा होता: दोन्ही बाजूंनी घ्यायचं आणि संकलनात आलटून-पालटून चेहरे दाखवायचे. संकलिका उल्ला रीगे हिच्यासोबत ते जुळवताना कुठलीही एक बाजू कापली की काहीतरी हरवत होतं. शेवटी दोन्ही तशाच ठेवल्या.

चित्रपटाच्या अभ्यासकांनी या पुनरावृत्तीवर पानंच्या पानं खर्ची घातली आहेत आणि त्यातली काही वाचनीयही आहेत. पण मुळाशी टेबलावरची अडचण होती, आणि ती न लपवण्याचा धीर होता. एरवी दिग्दर्शक अशा वेळी 'ज्यात चूक कमी' तो पर्याय घेतात.

मध्यावर रीळ तुटतं आणि जळतं, तेही याच जातीचं. आल्मा मुद्दाम काचेचा तुकडा वाटेत राहू देते, एलिझाबेतचा पाय कापतो, दोघींची नजर भेटते, आणि चित्र फाटून वितळतं. प्रोजेक्टरच्या खिडकीत फिल्म अडकली तर दिव्याच्या उष्णतेने ती नेमकी अशीच मधून फुगून वितळते, तपकिरी कडा होतात. त्यामुळे हे दृश्य प्रथम पाहणाऱ्याला क्षणभर खरंच थिएटरमध्ये काही बिघडल्यासारखं वाटतं.

शेवटही टेबलावर बदलला. छापील पटकथेत डॉक्टर येऊन एलिझाबेत रंगभूमीवर परतल्याचं सांगते. चित्रपटात हे निवेदन नाही. आल्मा सामान घेऊन बसमध्ये चढते, मध्येच कॅमेरा आणि चित्रण करणारी माणसं दिसतात, रीळ संपतं, कार्बन विझतो. काय झालं ते सांगणारी डॉक्टर गेल्यामुळे चित्रपट अवघड झाला, यात शंका नाही. पण ती राहिली असती तर आधीचा तासभर एका रुग्णाच्या केसपेपरात बंद झाला असता.

पुढे काय झालं

प्रीमियर १८ ऑक्टोबर १९६६ ला स्टॉकहोमच्या 'स्पेगेल्न' चित्रपटगृहात झाला. गर्दी लोटली नाही, ती अपेक्षाही नव्हती. स्वीडनचा 'गुल्डबागे' हा चित्रपट-पुरस्कार सर्वोत्कृष्ट चित्रपटाला आणि बिबी अँडरसनला मिळाला. अमेरिकेतल्या नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सने चित्रपट, दिग्दर्शक आणि पुन्हा बिबी अशी तिन्ही बक्षिसं दिली. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या १९७२ च्या समीक्षक-मतदानात तो पाचवा आला, २०१२ च्या मतदानात सतरावा.

बर्गमनच्या आयुष्यातही घडी बदलली. १९६६ मध्ये त्याने ड्रामाटेनचं प्रमुखपद सोडलं आणि ते नट एर्लांड योसेफसनकडे गेलं. फोरोवर त्याने घर बांधलं आणि पुढे मुक्काम तिथेच हलवला. या चित्रपटाने आपला जीव वाचवला, असं त्याने १९९० मध्ये आलेल्या 'बिल्डर' या आपल्या चित्रपटांवरच्या पुस्तकात लिहिलं आहे. 'पर्सोना'त आणि पुढे 'क्राइज अँड व्हिस्पर्स'मध्ये आपण जाता येईल तितकं दूर गेलो, असंही त्याचं म्हणणं. लिव्ह उलमन पुढची अनेक वर्षं त्याच्या चित्रपटांचा कणा राहिली. दोघांचं नातं चित्रणाच्या काळातच कामापलीकडे गेलं. दिग्दर्शक आणि नवखी नटी यांच्यात तोल कुणाकडे असतो हे लक्षात घेतलं तर ही बाब नुसती रोमँटिक म्हणून सोडून देण्यासारखी नाही. खुद्द उलमनने पुढे आपल्या आठवणींत बेटावरच्या एकलकोंड्या दिवसांबद्दल स्पष्ट लिहिलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

आजार टाळता आला नसता, पण आजाराने एवढं सगळं कोलमडलं याचं कारण एकाच माणसावर टांगलेलं वेळापत्रक. राष्ट्रीय नाट्यगृह चालवणं हेच पूर्ण वेळेचं काम. त्यासोबत चार महिने चित्रपट, हा हिशोब १९६३ लाच तपासायला हवा होता. प्रशासनासाठी भक्कम दुय्यम अधिकारी नेमून घेणं किंवा पहिली दोन वर्षं चित्रपट बंद ठेवणं, दोन्ही शक्य होतं.

चित्रणाच्या क्रमाबद्दल मतभेद होऊ शकतात. सुरुवात फोरोवर केली असती तर रुग्णालयाची दृश्यं पुन्हा घ्यावी लागली नसती, असं मागे वळून सहज म्हणता येतं. पण त्या फसलेल्या दिवसांत लिव्हच्या चेहऱ्याबद्दल जे कळलं ते बेटावर उपयोगी पडलंच असणार. मधला उपाय म्हणजे दोघींबरोबर चार दिवसांचं चाचणी-चित्रण: कमी दिवे, एक कॅमेरा, संहितेतली दोन पानं. जुन्या टोळीत नवा माणूस येतो तेव्हा हा खर्च वाचवू नये. टोळीच्या खाणाखुणा त्याला ठाऊक नसतात आणि विचारायची त्याला लाज वाटते.

संहितेतल्या मोकळ्या जागांचं काय? त्या ठेवल्याबद्दल तक्रार नाही. पण कुठल्या जागा मुद्दाम मोकळ्या आहेत आणि कुठल्या नुसत्या राहून गेल्या आहेत, हे निदान छायालेखकाला आणि संकलिकेला आधी कळायला हवं. दोनदा आलेलं स्वगत हे नशिबाने साधलं. दोन्ही बाजूंनी पूर्ण घेतलेलं असल्यामुळे टेबलावर पर्याय होता. वेळ वाचवायला एका बाजूचे तुकडेच घेतले असते, तर आज ज्याला धाडस म्हणतात ते करायची सोयच उरली नसती. संवाद लांब असेल तर दोन्ही चेहरे पूर्ण घ्यावेत, आज डिजिटलमध्ये तर रिळाची सबबही नाही.

रद्द झालेला 'नरभक्षक' वाया गेला नाही. त्याची संहिता बर्गमनने पुन्हा हातात घेतली, बदलली, आणि १९६८ मध्ये तिचा 'अवर ऑफ द वुल्फ' झाला, पुन्हा लिव्ह उलमनलाच घेऊन. रद्द झालेल्या कामाची कागदपत्रं टाकून देऊ नयेत, पण लगेच उघडूही नयेत: इथे मध्ये एक अख्खा चित्रपट होऊन गेला.

अभ्यासासाठी चित्रपट पाहणाऱ्यांनी आवृत्ती तपासून घ्यावी. सुरुवातीच्या दृश्यमालिकेत क्षणभर झळकणारी पुरुषाच्या लिंगाची एक चौकट अमेरिकेत आणि इतरत्र दाखवलेल्या प्रतींतून कापलेली होती आणि काही परदेशी प्रतींत आल्माच्या स्वगताचं भाषांतरही सौम्य केलेलं होतं. जुन्या प्रतीवर विसंबून प्रारंभाचे शॉट मोजायला बसलं तर आकडा जुळत नाही. छापील पटकथा सोबत ठेवून पाहिलं तर प्रारंभ, स्वगत आणि शेवट या तीन ठिकाणी पेन्सिलीने खुणा कराव्या लागतात. कागदावरचं आणि पडद्यावरचं सगळ्यात जास्त वेगळं होतं ते तिथेच.